कॅलच्या स्टेडियमसाठी चेक फाडण्याआधी : बर्कलीच्या मराठी माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार,

फुटबॉलचा हंगाम तोंडावर आला की बर्कलीच्या (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बर्कली; आपल्या बोलण्यातलं 'कॅल') माजी विद्यार्थ्यांकडे देणगीची आवाहनं येऊ लागतात. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन, अंडाकृती चेंडूचा. आपल्यातले बरेच जण कॅलमध्ये एमएस करायला आले, पहिल्या वर्षी कुतूहलाने एखादा सामना पाहिला आणि पुढे नोकरी-घर-मुलं यांत तो विषय मागे पडला. आता मुलं तिथे शिकतात, आपण फी भरतो, आणि देणगीही मागितली जाते.

हे पत्र लिहिणारे आम्ही स्थापत्य आणि वित्त या दोन क्षेत्रांतले, याच विद्यापीठातून शिकलेले लोक आहोत. देणगी देऊ नका, असं आमचं म्हणणं नाही. पण कॅलचं नव्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे विद्यापीठांच्या संघांच्या नव्या गटात, जाणं आणि कॅलच्या स्टेडियमचं कर्ज हे दोन विषय आजवर वेगवेगळे चघळले गेले आहेत. प्रत्यक्षात दोघांच्या तारखा २०३० ते २०३३ या अरुंद पट्ट्यात एकमेकींवर आदळतात. तो हिशेब एका कागदावर मांडून मागा, एवढंच सांगायचं आहे.

आधी स्टेडियम. कॅलिफोर्निया मेमोरियल स्टेडियम १९२३ साली स्ट्रॉबेरी कॅन्यनच्या तोंडाशी उभं राहिलं. पूर्वेकडचा अर्धा भाग टेकडीच्या उतारावर रेललेला आहे, पश्चिमेकडचा काँक्रीटच्या भिंतींवर उभा आहे. हेवर्ड फॉल्ट, म्हणजे जमिनीतली भूकंपाची भेग, मैदानाच्या खालून लांबीच्या दिशेने, जवळपास एका गोलपोस्टपासून दुसऱ्या गोलपोस्टपर्यंत जातो. भूकंप झाला नाही तरी ही जमीन वर्षाला काही मिलिमीटर सरकतच असते, पश्चिमेची बाजू उत्तरेकडे. इतक्या वर्षांत दोन्ही अर्ध्यांमध्ये एक फुटाच्या आसपास फरक पडला. दुरुस्तीआधी बाहेरच्या भिंतीतले सांधे फाकलेले नुसत्या डोळ्यांनी दिसत. या फॉल्टवरचा शेवटचा मोठा भूकंप २१ ऑक्टोबर १८६८ चा. जमिनीत चर खणून केलेल्या अभ्यासांत अशा दोन भूकंपांमधलं सरासरी अंतर दीडशे वर्षांच्या आसपास निघतं. बेरीज तुम्हीच करा.

त्यामुळे काहीतरी करणं भागच होतं. २००६ मध्ये विद्यापीठाने स्टेडियमला लागून खेळाडूंसाठी प्रशिक्षण केंद्र बांधण्याची योजना पुढे आणली आणि तिथूनच कोर्टकचेरी सुरू झाली. कॅलिफोर्नियात १९७२ चा अल्क्विस्ट-प्रिओलो कायदा आहे. सक्रिय फॉल्टवरच्या इमारतीत भर घालायची किंवा फेरफार करायचे तर त्यांचा खर्च इमारतीच्या मूल्याच्या निम्म्यावर जाता कामा नये, असं तो सांगतो. मग वाद पेटला तो यावर, की नवं केंद्र ही स्टेडियममधली भर धरायची की स्वतंत्र इमारत. बर्कली शहर, पॅनोरॅमिक हिलचे रहिवासी आणि ओक वृक्षांचे पाठीराखे न्यायालयात गेले. तोडल्या जाणाऱ्या झाडांवर आंदोलक डिसेंबर २००६ पासून सप्टेंबर २००८ पर्यंत मुक्काम ठोकून होते. या काळात बांधकाम थांबलं, आणि मधल्या काळात जगावर मंदी कोसळली. ती पुढे फार महागात पडली.

दुरुस्ती मात्र अव्वल दर्जाची झाली, हे मोकळेपणाने सांगायला हवं. बाहेरची ऐतिहासिक भिंत राखून पश्चिमेकडची आतली सगळी बैठकव्यवस्था पाडली आणि नव्याने बांधली. मैदान चार फूट खाली नेलं. फॉल्ट जिथे प्रेक्षागाराला छेदतो तिथे, उत्तर आणि दक्षिण टोकांना, बैठकींचे स्वतंत्र ठोकळे केले. त्यांच्याखाली वाळूचे थर आणि प्लास्टिकच्या जाड चादरी अंथरल्या. जमीन फाटली तर ठोकळा त्या चादरीवर घसरेल, शेजारच्या बांधकामाला ओढून नेणार नाही. आडवी सहा फूट आणि उभी दोन फूट हालचाल होईल, असं धरून हे डिझाइन केलेलं आहे. वरची प्रेस बॉक्सची लांबलचक इमारत काँक्रीटच्या मनोऱ्यांवर उभी आहे. त्या मनोऱ्यांच्या भिंतींत ताण दिलेल्या पोलादी केबल आहेत. भूकंपात भिंत पायावर डुलते आणि केबल तिला पुन्हा जागेवर खेचतात. प्रेस बॉक्स आणि खालचं प्रेक्षागार एकमेकांवर आपटू नयेत म्हणून मध्ये फट सोडून धक्का शोषणारे डॅम्पर बसवले आहेत. कोयनेचं धरण ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात का तडकलं याचं गणित अनिल चोप्रा यांनी ज्या विद्यापीठात मांडलं, त्या विद्यापीठाला शोभेल असंच हे काम आहे.

अडचण बांधकामात नाही, पैशात आहे.

स्टेडियमच्या कामाला सुमारे ३२ कोटी १० लाख डॉलर लागले आणि शेजारच्या सिम्पसन केंद्राला (वर सांगितलेलं खेळाडूंचं प्रशिक्षण केंद्र) सुमारे १५ कोटी. त्यातले जवळपास ४४ कोटी ५० लाख डॉलर कर्जरोख्यांतून उभे केले. कर्ज फेडायची योजना कागदावर देखणी होती: मोक्याच्या तीनेक हजार खुर्च्यांचे हक्क दीर्घ मुदतीने विकायचे, एका खुर्चीला ४० हजारांपासून सव्वादोन लाख डॉलरपर्यंत घ्यायचे, २०१३ च्या जूनपर्यंत २७ कोटी जमवायचे, ते गुंतवायचे आणि त्या उत्पन्नातून व्याज भरायचं.

ती फसली, आणि का फसली हे पाहणं आजही उपयोगाचं आहे. खुर्ची घेणाऱ्याला पैसे हप्त्याहप्त्याने भरता येत होते, आणि पुढचे हप्ते थांबवून खुर्ची सोडूनही देता येत होती. म्हणजे हातात होती ती आश्वासनं. कर्ज मात्र पक्कं. विक्री सुरू झाली ऐन मंदीत. २०१२ च्या १ सप्टेंबरला स्टेडियम पुन्हा उघडलं, त्या पहिल्याच सामन्यात नेवाडाने कॅलला हरवलं. तो हंगाम ३ विजय, ९ पराभव असा गेला आणि पुढचा १-११ असा. हरणाऱ्या संघासाठी पन्नास वर्षांची खुर्ची कोण घेणार? वर २०१७ च्या करकायद्याने आणखी एक खिडकी बंद केली. तोवर खुर्चीचा हक्क मिळवण्यासाठी दिलेल्या देणगीच्या ८० टक्के रकमेवर करसवलत मिळत असे, २०१८ पासून ती शून्य झाली.

नामकरणाच्या हक्कांचीही तीच गत. २०१३ मध्ये काबाम या गेम कंपनीशी १५ वर्षांचा १ कोटी ८० लाख डॉलरचा करार झाला, तो मुदतीआधीच संपला. मग २०२१ मध्ये एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीचं नाव मैदानाला लागलं. १० वर्षांसाठी १ कोटी ७५ लाख डॉलर, तेही क्रिप्टो चलनात! नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स दिवाळखोरीत गेली आणि करार गुंडाळावा लागला. मैदानाला नाव कुणाचं द्यायचं हे ठरवताना त्या कंपनीचा ताळेबंद कुणी वाचला होता का, असा प्रश्न आम्हाला पडतो.

कर्जाची घडण अशी आहे: पहिली वीस वर्षं फक्त व्याज, वर्षाला सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर. मुद्दलाची परतफेड २०३२ च्या सुमारास सुरू होते आणि वार्षिक हप्ता वाढतो. कर्जाचा एक भाग शंभर वर्षांच्या रोख्यांत आहे, म्हणून शेवटचं देणं थेट २११३ पर्यंत जातं. घरच्या मैदानावर हंगामात सहा-सात सामने होतात. सात धरले तरी एका सामन्यामागे २५ लाख डॉलरहून जास्त नुसतं व्याज पडतं.

२०१८ मध्ये तेव्हाच्या चान्सलर कॅरल क्राइस्ट यांनी या कर्जाची वाटणी केली. भूकंपरोधक कामाचे म्हणून सुमारे २३ कोटी ८० लाख डॉलर विद्यापीठाच्या मध्यवर्ती खात्याकडे घेतले आणि उरलेले २० कोटी २० लाख क्रीडा विभागाकडे ठेवले. तर्क चुकीचा म्हणता येत नाही, कारण फॉल्टवरची इमारत सुरक्षित करणं हे मालकाचं काम आहे. पण पालकांनी एवढं लक्षात घ्यावं की निम्म्याहून जास्त ओझं आता ज्या तिजोरीवर आहे, त्याच तिजोरीकडे वर्ग, प्रयोगशाळा आणि शिक्षकांच्या जागाही डोळे लावून बसलेल्या असतात.

आता कॉन्फरन्स. ज्यांनी हे अधूनमधून पाहिलं असेल त्यांच्यासाठी: अमेरिकेत विद्यापीठांचे संघ गटागटाने खेळतात आणि टीव्हीचे हक्क गटाच्या नावाने विकले जातात. कॅल १९१५ पासून पॅसिफिक किनाऱ्यावरच्या गटाचं (पुढे त्याचंच नाव पॅक-१२) संस्थापक सदस्य. ३० जून २०२२ रोजी यूएससी आणि यूसीएलए यांनी बिग टेन या गटात जायचं जाहीर केलं. पुढच्या उन्हाळ्यात कोलोराडो गेलं. मग ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात ओरेगन, वॉशिंग्टन, अ‍ॅरिझोना, अ‍ॅरिझोना स्टेट आणि युटा, पाचही जण बाहेर पडले. मागे राहिले चौघे. कॅल आणि स्टॅनफर्डला १ सप्टेंबर २०२३ रोजी अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्सने, म्हणजे एसीसीने, घेतलं. पंधरापैकी बारा मतं लागत होती, तेवढी मिळाली. पॅसिफिकच्या काठावरचं विद्यापीठ अटलांटिकच्या गटात, यावर विनोद करून झाले आहेत. आम्ही थेट अटींकडे येतो.

अट अशी: पहिली सात वर्षं मुख्य टीव्ही कराराच्या वाट्यातले फक्त ३० टक्के, आठव्या वर्षी ७०, नवव्या वर्षी ७५, दहाव्या वर्षी पूर्ण. समजा जुन्या सदस्याला वर्षाला १०० रुपये मिळतात. मग नऊ वर्षांत त्याला ९०० मिळतील आणि कॅलला ३५५. पहिलं वर्ष २०२४-२५ धरलं तर ३० टक्क्यांचं शेवटचं वर्ष २०३०-३१ येतं आणि पूर्ण वाटा सुरू होतो २०३३-३४ मध्ये. आणि एसीसीचा ईएसपीएनशी असलेला करार संपतो २०३६ मध्ये. पूर्ण वाट्याची हमी असलेली वर्षं मोजा: तीन.

तीही मिळतील का, हा पुढचा प्रश्न. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन यांनी एसीसीवर केलेले दावे मार्च २०२५ मध्ये तडजोडीने मिटले. त्यात गट सोडण्याचा दंड ठरवून दिला: २०२५-२६ मध्ये १६ कोटी ५० लाख डॉलर, पुढे दरवर्षी १ कोटी ८० लाखांनी कमी, २०३०-३१ मध्ये ७ कोटी ५० लाख. जाणाऱ्याला आपले टीव्ही हक्कही बरोबर नेता येतील. बिग टेनचा सध्याचा टीव्ही करार २०२९-३० पर्यंतचा आहे, त्यानंतर तो गट नवे सदस्य शोधेल तेव्हा एसीसीतून बाहेर पडणं सर्वांत स्वस्त झालेलं असेल. प्रेक्षक खेचणारे संघ त्या वेळी गेले तर उरलेल्या गटाचं मोल काय राहील? कॅलचा ३० टक्क्यांचा काळ संपतो तोही त्याच वर्षी, आणि लगोलग मुद्दलाची फेड सुरू. तारखांचा हा पेच कुठल्याही जाहिरातवजा पत्रकात तुम्हाला दिसणार नाही.

खर्चाची बाजूही वाढलीच आहे. ६ जून २०२५ रोजी मंजूर झालेल्या न्यायालयीन तडजोडीनुसार विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता येतात. २०२५-२६ साठी कमाल मर्यादा २ कोटी ५ लाख डॉलर. सक्ती नाही, पण प्रतिस्पर्धी देत असतील तर हात आखडता घेणारा संघ हरतो, आणि हरणाऱ्या संघाचं काय होतं ते आपण २०१३ मध्ये पाहिलं. त्यात प्रवास. फुटबॉलच्या संघाला हंगामात मोजक्याच फेऱ्या मारायच्या असतात. व्हॉलीबॉल, सॉकर, बास्केटबॉलवाल्यांचं तसं नाही. पूर्व किनाऱ्यावर दुपारी १२ चा सामना म्हणजे बर्कलीहून आलेल्या खेळाडूच्या शरीराला सकाळचे ९. दोन सामने एकाच फेरीत जोडले तर भाडं वाचतं, वर्ग बुडतात.

या गटात कॅलला काहीच मिळालं नाही, असं म्हणणं मात्र अन्याय होईल. ५ ऑक्टोबर २०२४ ला मायामीविरुद्धच्या सामन्यासाठी ईएसपीएनचा गेमडे कार्यक्रम बर्कलीत आला, स्टेडियम खच्चून भरलं. कॅल ३५-१० ने पुढे होतं आणि ३८-३९ ने हरलं. तशी रात्र वर्षातून दोनदा आली तरी तिकीटविक्रीचं गणित बदलतं. पण तिच्यावर शंभर वर्षांचं कर्ज टेकवता येत नाही.

आता आपल्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर हमखास निघणाऱ्या काही सूचना. "स्टेडियम सोडा, भाड्याने खेळा." २०११ मध्ये दुरुस्तीच्या काळात कॅल सॅन फ्रान्सिस्कोच्या बेसबॉल मैदानावर खेळलंच होतं, आणि सांता क्लाराचं लेव्हाय स्टेडियम सुमारे ७० किलोमीटरवर आहे. पण कर्ज विद्यापीठाच्या नावावर आहे, मैदानातल्या सामन्यांशी बांधलेलं नाही. सोडून गेलात तरी व्याज तेवढंच, वर भाडं, आणि विद्यार्थी सांता क्लारापर्यंत येणार नाहीत ते वेगळंच. "फुटबॉलच बंद करा." कर्ज राहीलच, आणि ३० टक्क्यांतला टीव्हीचा पैसाही जाईल. "पॅक-१२ पुन्हा उभी राहते आहे, तिकडे परत जा." मोठा दंड भरून छोट्या टीव्ही करारात जायचं, याला व्यवहार म्हणत नाहीत. "मग मैदान मोठमोठ्या कार्यक्रमांना भाड्याने द्या." ही सूचना त्यातल्या त्यात बरी. मात्र स्टेडियम अरुंद रस्त्यांच्या तोंडाशी आहे, वरच्या पॅनोरॅमिक हिलला उतरायला मुख्य रस्ता एकच, आणि तो भाग वणव्याच्या धोक्याचा. कार्यक्रमांची संख्या वाढवताना आग लागली तर गाड्या कशा निघतील याचा आराखडा आधी दाखवावा लागेल. रहिवाशांना डावललं तर काय होतं याचा अनुभव विद्यापीठाने २००६ ते २००८ मध्ये पुरेपूर घेतला आहे.

म्हणजे मैदानही तेच आणि गटही तोच, निदान आणखी काही वर्षं. मग हातात असलेल्या पैशाचं काय करायचं, एवढाच प्रश्न उरतो. यातली सर्वांत महत्त्वाची रक्कम यूसीएलएकडून येते. बर्कली आणि यूसीएलए दोन्ही एकाच बोर्ड ऑफ रीजंट्सच्या, म्हणजे नियामक मंडळाच्या, अखत्यारीत आहेत. यूसीएलए गेल्यामुळे बर्कलीचं नुकसान झालं म्हणून मे २०२४ मध्ये रीजंट्सनी ठरवलं की यूसीएलएने बर्कलीला वर्षाला १ कोटी डॉलर द्यावेत, २०२४-२५ पासून तीन वर्षं. पुढचं त्यानंतर पाहू. म्हणजे २०२६-२७ हे ठरलेलं शेवटचं वर्ष. स्टेडियमच्या वार्षिक व्याजाच्या निम्म्याहून जास्त असलेली ही रक्कम विभागाच्या चालू खर्चात मिसळून जाऊ शकते, आणि मग २०३२ साली तिचा मागमूसही नसेल.

आमचं मत असं की फेरविचारात ही रक्कम पुढे चालू राहिली, तर तिचा ठरावीक भाग मुद्दलफेडीच्या राखीव निधीत टाकण्याची अट रीजंट्सनी घालावी. यावर उत्तर येईल की मग आजची तूट वाढेल. वाढेलच. पण आज दिसणारी तूट २०३३ मध्ये अचानक उगवणाऱ्या तुटीपेक्षा बरी. एसएमयू हे खासगी विद्यापीठ याच गटात नऊ वर्षं टीव्हीचा वाटा न घेण्याच्या अटीवर आलं, आणि त्याच्या देणगीदारांनी आठवड्याभरात १० कोटी डॉलर उभे केले. बर्कलीकडे असे देणगीदार रांगेत उभे नाहीत, म्हणून बर्कलीला शिस्त जास्त हवी.

आता आपण काय करू शकतो ते. प्रत्येक विद्यापीठाचा क्रीडा विभाग एनसीएएला (विद्यापीठांच्या खेळांची राष्ट्रीय संघटना) दरवर्षी जानेवारीत आर्थिक अहवाल देतो. सार्वजनिक विद्यापीठाचा हा अहवाल मागून मिळतो. कॅलिफोर्नियाचा सार्वजनिक नोंदींचा कायदा आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखाच. अर्ज आल्यापासून १० दिवसांत माहिती देणार की नाही हे कळवावं लागतं, फार तर १४ दिवस वाढवून मिळतात. प्रत्यक्ष कागद यायला जास्त वेळ लागतो. "स्टेडियमची सगळी माहिती द्या" असा अर्ज केलात तर महिनोन्‌महिने वाट पाहाल. आर्थिक वर्ष लिहा, अहवालाचं नाव लिहा, आणि कर्जाच्या वर्षवार परतफेडीचा तक्ता २०३६ पर्यंत मागा.

अहवाल हाती आला की तीन ओळी आधी वाचा: टीव्ही हक्क आणि कॉन्फरन्सकडून आलेले पैसे, विद्यापीठाने थेट दिलेली मदत, आणि सुविधांवरच्या कर्जाचा हप्ता. तिसरी ओळ एकटी वाचून समाधान मानू नका. २०१८ च्या वाटणीनंतर मध्यवर्ती खात्याकडे गेलेला भाग विभागाच्या तुटीत दिसेलच असं नाही. ओझं तेवढंच, फक्त दुसऱ्या वहीत. दोन्ही वह्यांतले आकडे मिळवल्याशिवाय वर्षाची तुलना करू नका.

रीजंट्सच्या बैठकांत नागरिकांना बोलता येतं. नाव आधी नोंदवावं लागतं, आणि मिळणारा वेळ एखादा मुद्दा मांडण्याइतकाच असतो. फुटबॉल चांगला की वाईट यावर तो घालवू नका. एकच मागणी करा: यूसीएलएच्या रकमेबद्दलच्या २०२७ च्या निर्णयाआधी एक तक्ता प्रसिद्ध करा, ज्यात २०३६ पर्यंतच्या प्रत्येक वर्षासमोर एसीसीचा वाटा, यूसीएलएची रक्कम, खेळाडूंना दिलेले पैसे, आणि स्टेडियमचं व्याज व मुद्दल दोन्ही खात्यांतून मिळून किती, हे लिहिलेलं असेल. आणि एसीसीतून दोन मोठे संघ गेले तर काय, यासाठी त्याच तक्त्यात दुसरा रकाना.

देणगी द्यायचीच असेल तर फॉर्मवर निधीचं नाव नेमकं लिहा. नुसतं 'कॅल ॲथलेटिक्स' लिहिलेला चेक विभागाच्या सर्वसाधारण खर्चात जातो असं धरून चाला. एखाद्या खेळाला, शिष्यवृत्तीला किंवा आपल्या जुन्या विभागाच्या प्रयोगशाळेला द्यायची असेल तर तसं लिहून पोचपावतीवर तेच नाव आलं आहे का ते तपासा. खुर्चीच्या बदल्यात दिलेल्या रकमेवर करसवलत नाही, तेव्हा ती वेगळ्या चेकने द्या. कर भरताना गोंधळ होणार नाही.

आपले,
बे एरियातले कॅलचे काही मराठी माजी विद्यार्थी